मेंबरसाहेबांचा आवडता भात

लोणावळ्याला एका कंपनीच्या बंगल्यावर मी खानसामा होतो. कंपनीला धरणासाठी आमचं खोरं हवं होतं आणि त्याचा कायदा मुंबईच्या कौन्सिलात व्हायचा होता. म्हणून कौन्सिलचे मेंबर आमच्याकडे हवापालटाला येत. मोटार कंपनीची, कोंबड्या कंपनीच्या, हवा तेवढी देवाची.

त्यातले एक मेंबर आमच्याच भागातून निवडून आलेले. ज्याची जमीन जाईल त्याला दुसरीकडे जमीन मिळावी, असं कलम कायद्यात घालून घेईन, असा शब्द त्यांनी देवळापुढच्या पारावर बसून गावाला दिला होता. माझी दोन भातखाचरं खोऱ्यात होती. आईची कबरही तिथंच होती.

ते बंगल्यावर येणार हे कळताच गावचे म्हातारे आबा खोऱ्यात पिकलेल्या आंबेमोहर तांदळाचं गाठोडं घेऊन मागच्या दाराशी आले.

"ह्योच भात घाल त्यास्नी. आपलं अन्न पोटात गेल्यावर मानूस फिरत न्हाई."

खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच, हे आमच्याकडे इतकं गृहीत होतं की मीही मान डोलावली.

भात मेंबरसाहेबांना फार आवडला. निघायच्या आदल्या दिवशी मी वाढत असताना कंपनीचे वकील म्हणाले, "त्या कलमाचं तेवढं सोडून द्या. आणि चिरंजीवांची आमच्याकडची नोकरी पक्की झाली बरं का."

मेंबरसाहेबांनी ताटातला घास संपवला. मग म्हणाले, "खानसामा, आणखी भात." मी वाढला.

कायदा झाला. ते कलम त्यात नव्हतं. सांगायला गेलो तेव्हा आबा बांधावर बसले होते.

"पर खाल्ला न्हवं त्यांनी भात?"

"खाल्ला, आबा. मागून मागून खाल्ला."

मला संताप यायला हवा होता. आला नाही. आत नुसतं बधिर झालं होतं, आणि कबरीवर पाणी चढलं तेव्हाही ते तसंच राहिलं. नोकरी मी सोडली नाही. खाचरं गेल्यावर खायचं काय होतं?

पुढे मेंबरसाहेब पुन्हा आले. जेवताना पहिल्याच घासाला थबकले.

"तो मागचा तांदूळ नाही का रे आणला?"

"ती खाचरं पाण्याखाली गेली, साहेब."

"अरेरे," ते अगदी मनापासून म्हणाले आणि ताट पुढे केलं. मी बाजारच्या तांदळाचा भात वाढला.