सीटवरून उठायचं नाही

यंत्र हिसका देऊन पुढं गेलं आणि बब्रू पाण्याच्या टाकीच्या भिंतीला दाबला गेला. इंजिन किंचाळत होतं. सीटवर मी होते. रेसचा दांडा मागं ओढला, पण वायर आत अडकलेली, रेस उतरेना. पायाखालचं पेडल दाबलं, तर ब्रेक कधीचाच गेलेला. बब्रूच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं... तो काहीतरी सांगेल म्हणून मी बसून राहिले.

बब्रू म्हणजे बब्रुवान, माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. तेर गावच्या रस्त्यावर एक कॉलेज आहे, तिथं तो मैदान आणि पाण्याच्या मोटारी सांभाळायचा. मी चौथी शिकलेली. नवऱ्याशी पटलं नाही, तसं त्याच्या तोंडावर सांगून तरुणपणीच माहेरी आले, तेव्हापासून बब्रूजवळ. त्याची बायको सुमन मला कधी वाकडं बोलली नाही. मी तिला पुष्कळदा बोलले. मी कुणाचं ऐकून घेत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

गवत कापायचं ते यंत्र कॉलेजनं कुठूनतरी जुनं आणलं होतं. लहान ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं, पोटाखाली पातं. आमच्याकडं पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर गवत असतं कुठं? पण साहेबांना हौस. आठ दिवसांत ते धूर ओकायला लागलं आणि बब्रूच्या गळ्यात पडलं. बब्रू विहिरीवरच्या रॉकेल इंजिनांवर शिकलेला. कार्ब्युरेटरचा स्क्रू आत पिळायचा, मग दीड फेरा मागं घ्यायचा आणि नंतर कान लावायचा. पेट्रोल जास्त झालं की आवाज जड होतो, धूर काळा येतो. हवा जास्त झाली की इंजिन खोकतं, रेस दिली की मरतं. मधली जागा केसाएवढी. ती सापडली की त्याच्या कपाळावरची आठी जायची.

अडचण एकच होती. त्या यंत्राच्या सीटखाली बटण आहे. वर माणूस नसला की इंजिन बंद पडतं. चालवणारा खाली पडला तर पात्यात जाऊ नये म्हणून ते बसवलेलं. आणि बब्रूला काम तर खाली उभं राहून, इंजिन चालू ठेवून करायचं. त्यानं सीटवर वाळूचं पोतं ठेवून बघितलं, ते थरथरून घसरलं. मी त्याचा डबा घेऊन गेले होते. म्हणाला, "आक्का, जरा बस हितं."

"मी काय पोतं हाय?"

"पोत्याला रेस देता येत न्हाय. तुला येईल."

पहाऱ्यावरचे रशीदभाई म्हणाले, "बटणाची वायर तोडून जोडून टाक की बब्रू, बहिणीला कशाला तरास?" बब्रू म्हणाला, "ते माणूस वाचवायला ठेवलंय भाई. मी न्हाय तोडणार."

तेव्हापासून मी बसायला लागले. महिन्यातून एकदा तरी. तो "दे" म्हणाला की दांडा पुढं, "सोड" म्हणाला की मागं. एकदा पदर अडकला म्हणून मी अर्धी उठले, इंजिन मेलं. तासाभराची त्याची मेहनत गेली. सगळ्यांसमोर ओरडला, "आक्का, तुला एकच काम दिलंय. काय बी होऊ दे, उठायचं न्हाय." उभ्या जन्मात मी ऐकलेली ही एक गोष्ट. अंगात मुरली. कंबर दुखली, माशी नाकावर बसली, मी उठले नाही.

गिअरचा दांडा झिजला होता. न्यूट्रलला टाकला तरी थरथरीनं सरकून गिअर पडायचा. ब्रेक नव्हताच. बब्रूनं दोनदा ऑफिसात सांगितलं. उत्तर आलं, गवत कापतंय ना, मग चालू द्या. त्या दिवशी पाहुणे यायचे होते. ऊन लागू नये म्हणून त्यानं यंत्र टाकीच्या सावलीत घेतलं, तोंड भिंतीकडं. मध्ये उभा राहून त्यानं झाकण उघडलं, स्क्रू पिळला, म्हणाला, "दे." मी दिली.

किती वेळ गेला ठाऊक नाही. रशीदभाई धावत आले आणि मला वाचवायला म्हणून दंड धरून खाली ओढलं. माझं बूड सीटवरून सुटलं, त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. सगळीकडं शांत... तेव्हा मला कळलं.

कॉलेजनं सभा घेतली. एक साहेब बोलले की बब्रुवानचं त्या यंत्रावर पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. बब्रू त्या यंत्राला रोज आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. गिअरच्या दांड्याबद्दल कुणी बोललं नाही. नवा मिस्त्री आला, त्यानं पहिल्याच दिवशी बटणाची वायर तोडून जोडली. आता ते यंत्र रिकाम्या सीटवर चालतं.

दहाव्याला सुमननं विचारलं होतं, "आक्का, तुमच्यानं काय करता आलं असतं का?" मी म्हणाले, "काय न्हाय." गावातल्या बाया म्हणाल्या, बिचारी म्हातारी, ती काय करणार. मी ते ऐकून घेतलं.

हे छापायला द्यायच्या आधी सुमनला समोर बसवून वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले. मग म्हणाली, "उठायचं हुतं, आक्का." एवढंच. टरफलं गोळा करून आत गेली. त्या दिवसापासून ती माझं ताट वाढते, माझ्याशी बोलत नाही. बरोबर करते.

परवा शेजारच्यानं दारात फवारणीचा पंप सुरू केला. आवाज जड होता, पेट्रोल जास्त होतं. मी बाजेवर बसले होते. उजवा हात आपोआप पुढं गेला आणि तो पंप बंद होईपर्यंत मी जागची हलले नाही.

यंत्रापाशी आम्ही दोघं होतो. बब्रू त्रेपन्न वर्षांचा होता, मी एकाहत्तरची. मी जगले.