दुसरी घागर

निंबोल्याचा वामन कुंभार आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात घागरी घेऊन घरोघर फिरत असे, आणि कोणाच्या दारी किती उतरवायच्या हे त्याला विचारावे लागत नसे. पितरांसाठी प्रत्येक घराला एक. घरातले माणूस नव्याने गेले असेल, तर त्याच्या नावाची आणखी एक. सणाच्या सकाळी ती पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचे आणि गेलेला जीव वाटेत तहानलेला राहू नये म्हणून हात जोडायचे. १९१८ च्या वैशाखात दगाच्या ओट्यावर वामनने नेहमीची एक घागर ठेवली, तेव्हा दगा म्हणाला, "वामनभाऊ, अजून एक ठेव."

"काहून? तुह्या घरात कोन गेलं?"

"ठेव म्हनलं ना."

"ठेवतो बाप्पा. घागरीले तोंड असते, पन ती बोलत नाही. मीबी नाही बोलत."

पण निंबोल्यात घागर बोलत असे. दगाच्या घरात कोणी मेले नव्हते, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

दगा लढाईवरून परतला त्याला दोन वर्षे होत आली होती. डाव्या हाताची तीन बोटे तो तिकडे ठेवून आला होता. महूच्या छावणीत खेचरगाड्यांसाठी माणसे घेत होते, तेव्हा तो आणि शेजारच्या सरुबाईचा थोरला मुलगा चुडामण एकाच दिवशी भरती झाले. दोघांनाही जनावर हाकता येत होते. सरकारला तेवढे पुरेसे होते. दगा आला. चुडामणबद्दल कागद आला. त्यावर 'बेपत्ता' असे लिहिले होते. गावाने दगाला विचारले, तेव्हा त्याने एवढेच सांगितले की माघारीच्या गर्दीत चुकामूक झाली.

'बेपत्ता' या एका शब्दावर सरुबाईचे घर दोन वर्षे उभे होते. चुडामणची बायको कुंकू लावीत होती. आखाजीला सरुबाई पितरांची एकच घागर भरी. कारण जित्या माणसाच्या नावाने घागर भरली तर त्याचे आयुष्य तुटते, आणि ही चूक कोणती आई करील?

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. एप्रिलच्या अखेरीस दिल्लीत मोठी सभा भरली आणि हिंदुस्थानातून आणखी पाच लाख माणसे उभी करायचे ठरले. दिल्लीतला आकडा प्रांताकडे आला, प्रांताने तो जिल्ह्यांत वाटला, जिल्ह्याने तहसिलींत; आणि उतरत उतरत निंबोल्याच्या पाटलापर्यंत पोचला तेव्हा तो सात झाला होता. दिल्लीतल्या पाच लाखांना चेहरे नव्हते. निंबोल्यातल्या सातांना होते. त्यांतला पहिला चेहरा चुडामणच्या धाकट्या भावाचा, कडूचा होता. बुऱ्हाणपूरहून आलेल्या भरती कारकुनाने त्याला सांगितले होते की बेपत्ता म्हणजे बहुधा तुर्कांच्या कैदेत. तिकडे गेलास तर भाऊ सापडेल. कडूला हे पटले. त्याहून वाईट म्हणजे सरुबाईला पटले. आखाजीनंतर दोन दिवसांनी चावडीपुढे भरतीची सभा होती, आणि तीत तहसीलदारांच्या हुकमाने दगाने चार शब्द सांगायचे होते. घाबरवणारे काही बोलशील तर कायद्यात सापडशील, हेही चपराशाने त्याला सांगून ठेवले होते.

आखाजीच्या सकाळी दगाने दोन्ही घागरी भरल्या. दुसरीवर तो खरबूज ठेवत होता. तेवढ्यात सरुबाई ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात सांजोऱ्यांची थाळी होती.

"कडू जाईन आता," ती म्हणाली. "तिकडची हवा कशी, अंगावर काय पांघरू द्यावं, ते सांग मले." मग तिची नजर घागरींवर गेली. "दगा, ही दुसरी कोनाची?"

दगा खरबूज नीट बसवू लागला.

"तुह्या बापाची अन् आज्याची एकच असते. मी काय आज आली का गावात?"

"काकू, बसा."

"बसत नाही. नाव सांग."

दगाने नाव सांगितले.

सरुबाईने थाळी ओट्यावर ठेवली. "जित्या पोराची घागर भरतो? तोंड जळो तुहं."

"जिता नाही, काकू. मी पाह्यलं."

मग त्याने सांगितले. बगदाद घ्यावे की नाही यावर विलायत आणि सिमला यांच्यात महिनोन्‌महिने तारा चालल्या होत्या, दुसऱ्या आघाडीवर गेलेली अब्रू तिथे परत मिळवायची होती, आणि त्या हिशेबात जखमींना आणायला होड्या व गाड्या कमी पडताहेत हे कोणाला अडचणीचे वाटले नाही. हे दगाला तेव्हा माहीत नव्हते, पुढेही नीटसे कळले नाही. त्याला ठाऊक होते ते इतकेच: गाडीला दोन चाके, दोन खेचरे, खाली स्प्रिंग नाही, आणि दोन जखमींच्या जागेत चौघे. प्रत्येक खड्ड्याला चारही जण ओरडत. लढाईच्या दुसऱ्या दिवशी चुडामणच्या पोटात गोळी लागली. दगाने त्याला आपल्याच गाडीत घातले. माघारीच्या वाटेवर हुकूम आला की पोटात लागलेले उतरवा, जगतील त्यांना घ्या.

"कोनी उतरवला?" सरुबाईने विचारले.

"मी. ह्याच हातांनी. वाटेच्या कडेले टेकवला. पानी मांगत होता. पखालीत थेंब नव्हता. 'आनतो' म्हनलं अन् गाडी हाकली."

"मंग आनलं का?"

"नाही. मांगं वळून पाह्यलं, तवर त्यानं मान टाकली होती."

ती रडली नाही, त्याला शिव्याही दिल्या नाहीत. दगाला दोन्हींची तयारी होती. तिने दुसऱ्या घागरीवरचे खरबूज काढून त्याच्या हातात दिले, घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "ही मायनं भरायची असते. तू कोन लागतो त्याचा?"

तासाभराने तिच्या घरातून सुनेचा आक्रोश ऐकू आला.

कडू सभेला गेला नाही. दगा गेला. त्याला उभे केले तेव्हा तो म्हणाला, "चुडामण मेला. मी पाह्यलं. बाकी मले बोलता येत नाही." त्याला खाली बसवण्यात आले. पुढे दोनदा बुऱ्हाणपूरला बोलावून दरडावले आणि सोडून दिले. पण गावाचा आकडा सातच राहिला. आकड्याला खरे-खोटे सांगता येत नाही. एक नाव गळले की त्याला दुसरे लागते. पाटलाने गावभर नजर फिरवली आणि ज्याच्यामागे शेत नाही, भाऊबंद नाहीत, असे घर निवडले. वामन कुंभाराचा मुलगा लीलाधर सातवा गेला.

दगाने एका माणसाला वाचवले आणि दुसऱ्याला पाठवले, असे म्हणणे अन्यायाचे आहे. पाठवणारे दुसरेच होते. परंतु त्या दुसऱ्यांपैकी कोणीही निंबोल्यात राहत नव्हते. दगा राहत होता.

पुढच्या वर्षी लढाई संपल्याला सहा महिने होत आले तरी लीलाधर आला नव्हता. पत्रही नाही, कागदही नाही. आखाजीआधी वामन घागरी घेऊन फिरला. सरुबाईच्या दारी दोन, दगाच्या दारी एक. रिकामी टोपली खांद्यावर टाकून तो दगाच्या ओट्यावर बसला.

"घरी एक जास्तीची भाजली आहे," तो म्हणाला. "आव्यातून काढली, पन आत नेली नाही. तू तिकडं राहून आला. सांग, नेऊ का आत?"

दगाने त्याच्याकडे पाहिले. या वेळी त्याने काहीही पाहिलेले नव्हते.

"माहीत नाही, भाऊ," तो म्हणाला.

वामनने मान हलवली आणि तो उठला.