बुधूची पेज

कोठडीच्या गजांतून ताटली आत सरकवण्याआधी रंभाबाई रोज एकच विचारायची, "तिखट चालते का?" आत चोर असो की दारुडा, उत्तर आल्याशिवाय ताटली तिच्या हातून सुटत नसे.

"आरोपी आहे तो, जावई नाई तुमचा," शिपाई सुनिल हसायचा.

"जावयासारखे तं तुम्ही जेवता. तुमाले कोन विचारते?"

आरमोरीपुढच्या पिपरटोला ठाण्याची खानावळ तिने अकरा वर्षं चालवली. पोलीस तिच्या हातचं खात आणि तिलाच नावं ठेवत. तिलाही ते कधी आपले वाटले नाहीत. पण पोरगी, रंजीता, पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदानी चाचणी झाली, लेखी झाली. उरली होती चारित्र्य पडताळणी, आणि तो अहवाल याच ठाण्यातून जायचा होता.

त्याच दिवसांत बुधूला आणलं. शेतातली पाण्याची मोटर चोरल्याचा संशय. रविवारी संध्याकाळी तो कोठडीत आला. सोमवारी त्याने दोन हिरव्या मिरच्या मागून घेतल्या आणि भात फरशीवर सांडला. रंभाबाईला तो मुळीच आवडला नाही. मंगळवारी ती ताटली घेऊन गेली, तर त्याचं तोंडच उघडत नव्हतं. ओठ फाटलेला, पुढचे दोन दात गेलेले. त्या दिवशी तिने तिखटाचं विचारलं नाही.

"पेज आना त्याच्यासाठी," सुनिल खाली बघत म्हणाला.

तिने तांदळाची पातळ पेज केली. मीठ झोंबेल म्हणून घातलं नाही. बुधवारीही तीच.

ठाण्याच्या नोंदीत मात्र बुधूला अटक झाली गुरुवारी, आणि तोंडाची जखम त्याआधी पळताना पडून झालेली.

बुधूच्या बायकोने जिल्ह्याला जाऊन तक्रार दिली. चौकशीला उपअधीक्षक बाई येणार, नुकत्याच रुजू झालेल्या. आदल्या दिवशी ठाणेदार खानावळीत आले.

"पोरीचा कागद माझ्या टेबलावर आहे, रंभाबाई. गुरुवार लक्षात ठेवा."

आधीचे साहेब नोंदी चाळून, चहा पिऊन जात. या बाई थेट चुलीपाशी आल्या. दारात ठाणेदार, त्यांच्या मागे सुनिल.

"बुधूला पहिलं जेवण कधी दिलंत?"

"गुरुवारी," रंभाबाई म्हणाली. तिने रात्रभर तेच ठरवलं होतं.

"काय दिलं?"

"पेज."

"पहिल्याच दिवशी पेज? का?"

रंभाबाईने पदराने हात पुसले. ठाणेदार हसले. "मॅडम, हिला चव कळते, वार कळत नाहीत. अडाणी बाई आहे."

तिने त्यांच्याकडे बघितलं. अकरा वर्षं या माणसांना गरम वाढलं होतं.

"सोमवारी मिरच्या खाल्ल्या त्यानं," ती म्हणाली. "दोन. कचकच चावून. मंगळवारी त्याले पानी गिळता येत नव्हतं. पेज कोनं आनाले सांगतली, ते या सुनिलले विचारा."

बाईंनी सुनिलकडे बघितलं, तशी त्याने होकारार्थी मान हलवली.

ठाणेदार निलंबित झाले. खानावळ आठवड्याच्या आत दुसऱ्याकडे गेली. हातपंपावर बायका तिच्यासाठी जागा करीनात. "कोठडीतल्यासाठी पोरीचं नुकसान केलं," असं एकीने तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. रंजीताचा अहवाल अडकून पडला. नवा ठाणेदार येईपर्यंत सही करायला कोणी तयार नव्हतं.

"तुले गप राहता नाई आलं?" रंजीताने विचारलं. "फक्त गुरुवार तं सांगाचा होता!"

त्यानंतर तीन दिवस रंजीता पहाटे धावायलाही गेली नाही. तिचे बूट दाराआड धूळ खात पडले.

चौथ्या संध्याकाळी रंभाबाईने ते बूट उचलले, ओल्या फडक्याने पुसले, आणि पोरीच्या अंथरुणापाशी ठेवले. रंजीता भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"उद्या धावाले जाशील तं मले उठवजो," रंभाबाई म्हणाली, "आंघोळीचं पानी ठेवीन."