मुलीच्या गाण्याला मी भजन म्हटलं

माझी मुलगी जॅझ गाते. तोंडाने हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. इंग्रजी गाणी असतात, मागे पियानो आणि एक मोठं पितळी वाद्य. शनिवार-रविवार ती वाशीच्या हॉटेलांत गाते. गेल्या महिन्यात तिचा पहिला अल्बम आला.

आमच्या करावे गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. दर गुरुवारी देवळात बसतो. मी मागे बसून टाळ वाजवते, बोलत नाही फारशी. त्या दिवशी पेटी उघडता उघडता जाऊबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुजी पोर हाटेलान गाते म्हनं गो? लोक जेवतान ना ही गाते?"

दोघी-तिघी हसल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "भजनं गाते ती. भजनांचाच अल्बम आलाय."

वाटलं, विषय संपला. पण आमच्याकडे घरात काही नवीन आलं, होडी असो की गाडी, आधी देवापुढे नारळ फुटतो. दुसऱ्या दिवशी जाऊबाई नारळ घेऊन दारात. मुलगी घरीच होती.

"पोरी, तुजी भजनां पयली देवलान लावाची. नारल माजा. मंडलान सांगून आलेय मी."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी कोलंबी सोलत होते, मान वर केली नाही. तिला कळलं.

"मोठी आई, आईने घाईने सांगितलं, भजनं अजून तयार नाहीत गं," ती म्हणाली. "झाली की पहिली तुलाच देते."

जाऊबाई नारळ ठेवून गेल्या. मी काहीतरी बोलायला गेले.

"राहू दे आई." मग म्हणाली, "शनिवारी अल्बमच्या कार्यक्रमाला नको येऊस. कोणी विचारलं तर परत खोटं बोलावं लागेल तुला."

रागाने बोलली असती तर मी रडून मोकळी झाले असते. तिने माझी काळजी केली.

शनिवारी संध्याकाळी तिच्या साडीच्या निऱ्या मीच धरल्या. मी येते, एवढंच म्हणायचं होतं. पण जाऊबाईंना काय सांगू, हेच डोक्यात फिरत राहिलं. निऱ्या खोचून झाल्या.

"नीट आहेत?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ती रिक्षात बसली. समोरच्या ओटीवरून जाऊबाईंनी विचारलं, "भजनाला चालली का पोर?"

रिक्षा अजून दारातच होती. मी हो म्हणून मान हलवली.