उत्तराआधीचा पॉज

दुबईत अल कुसैसमधल्या घरून मुलीच्या शाळेपर्यंत गाडीत आम्ही लहान मुलांचा एक विज्ञान पॉडकास्ट ऐकायचो. मी तो घरी डाउनलोड करून सीडीवर उतरवायचो. नियम मुलीचा होता. प्रश्न आला की पॉज मीच दाबायचा आणि पुढच्या सिग्नलपर्यंत तिने उत्तराचा अंदाज बांधायचा. मी एसीचा इंजिनिअर. हवा, पाणी, उष्णता असलं काही आलं की माझी जीभ वळवळायची. "बाबा, डोन्ट टेल," ती दटावायची.

मग मंदी आली. प्रोजेक्ट बंद पडले, ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी झाली आणि माझं डोकं कायम तापलेलं. एका सकाळी मी पॉज दाबलाच नाही. तिने आठवण करून दिली तर खेकसलो, "यल्ला, उतर आता. शाळा आली." तिने गाडीचं दार अगदी हळू लावलं. मला स्वतःचा राग आला, पण सॉरी काही म्हटलं नाही.

उन्हाळ्यात कंपनीने फॅमिली व्हिसा बंद केला आणि मायलेकी पुण्याला गेल्या. परत कधी आणता येईल विचारलं की मॅनेजर "इन्शाल्ला" म्हणायचा. त्या शब्दाचाच मला वैताग आला होता. पुण्यात मुलगी एकटीने पॉडकास्ट ऐकेना. म्हटलं, आपणच करू. शुक्रवारच्या सुट्टीत लॅपटॉपपुढे बसून मी मराठीत रेकॉर्ड करायला लागलो आणि फाइल मेलने पाठवायला लागलो.

तीन भाग झाले. फोनवर ती नुसतं "नाइस" म्हणायची. मी बायकोवर चिडलो, "तिला ऐकायचंच नसेल तर मी घसा कशाला कोरडा करू?"

"अरे, तू थांबतोस कुठे?" बायको म्हणाली. "प्रश्न विचारतोस आणि लगेच उत्तर."

चौथ्या भागात विचारलं, थंड ग्लासला बाहेरून पाणी का सुटतं? आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट गप्प बसलो. माझ्यासारख्याला ते जड गेलं. संध्याकाळी मुलीला फोन केला.

"या वेळी थांबलो की नाही?" मी जरा ऐटीतच विचारलं.

"हो. आय सेड माय आन्सर," ती म्हणाली. "बट यू डिडन्ट से एनीथिंग. यू जस्ट स्टार्टेड टॉकिंग."

"मग आता सांग ना. काय म्हणालीस?"

"आता कशाला, बाबा? यू ऑलरेडी टोल्ड मी."