कोण गेलंय ते बघा

आमचे मेंढरंवाले सर एका जागी उभे राहून कधी बोललेच नाहीत. विज्ञान शिकवताना येरझारा, चहा पितानाही येरझारा. शिरूरजवळच्या आमच्या गावात पोरं म्हणायची, वाडवडील मेंढरांमागं चालले, सरांचे पाय अजून थांबायचे आहेत. सरांना ते आवडायचं.

हिवाळ्यात दिवेलागणीनंतर ते शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावत. आधी कृत्तिका, मग पुष्यातला तारकागुच्छ. "एका गुच्छातले तारे म्हंजी एकाच हंगामातली कोकरं. वय इचारू नका, कोण गेलंय ते बघा. जड जनावर आधी बाजारात जातं, तसा जड तारा आधी जळून जातो. कृत्तिकेत जड निळे अजून हायेत, कळप कोवळा. पुष्यातले गेले, मागं तांबूस म्हातारे उरलेत. कळप जुना."

मग पंचायतीनं मैदानाकडेला हॅलोजनचा खांब रोवला. कृत्तिकाही दिसेना. मी तेव्हा गावातल्या युवक संघटनेत नवा, पत्रकं लिहिण्यात पटाईत. लगेच मथळा ठोकला: 'पोरांचं आकाश चोरणाऱ्यांनो, जबाब द्या!' वाटलं, पाठीवर थाप पडणार.

सर वाचत मैदानभर फिरले. "रांजणगावची कंपनीची बस कुठं थांबती रं?"

"इथंच."

"उतरतं कोण? तुझी वहिनी, माझी पोरगी. अंधारात टवाळ पोरं मागं लागायची. बायांनी भांडून आणलाय ह्यो खांब. फाड ते."

"मग दुर्बीण?"

"तिला पाय न्हाईत, मला हायेत."

ते दुर्बीण खांद्यावर टाकून माळावर जाऊ लागले. धापा टाकत. मला झोप येईना. उजेड बायांना हवा होता, आभाळाला नव्हे! मी दुसरं पत्रक लिहिलं: 'दिव्याला टोपी घाला, उजेड खाली पाडा.' वहिनीनं पहिली सही केली. सर म्हणाले, "आत्ता लिव्हलंस!"

सरपंच हसले. "मास्तरला अंधार, बायांना उजेड. कुणाकुणाचं ऐकू?" एका पत्र्याच्या टोपीसाठी आम्ही दोन हिवाळे खेटे घातले. सरपंचांना लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर सरांची छाती दुखली, आणि येरझारा थांबल्या.

टोपी त्यानंतर बसली. बाया उजेडातून घरी गेल्या, आणि मी मैदानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दुर्बीण लावली. कृत्तिका जशीच्या तशी होती. कोण गेलंय, ते मी मैदानावर बघत होतो.