खारीचा पाय आणि कुजका खांब

खांबावर चढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून वीज कंपनीत सगळे त्याला ‘खार’ म्हणायचे. मोठं वादळ झालं, निम्मं शहर अंधारात बुडालं. नऊ दिवस त्याने तारा ओढल्या. दहाव्या दिवशी एक कुजका खांब त्याला घेऊनच खाली आला. उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

कंपनीने त्याला तक्रारींच्या खिडकीत बसवलं. त्याची बायको हे उपकार ज्याला त्याला सांगत सुटायची.

वर्षभराने बिलात नवी ओळ आली: वादळ दुरुस्ती आकार, बारा वर्षांसाठी. वीजदर ठरवणाऱ्या आयोगाची मंजुरी यायची होती, पण वसुली सुरू झाली. खिडकीपुढे रांग लागली. गल्लीतली शिवणकाम करणारी मावशी आली, तेव्हा वरून पढवलेलं खारीने बोलून दाखवलं. “कंपनी पदरचं घालत नाही, मावशी. खांब, तारा, माणसं, सगळा खर्च गिऱ्हाइकांवर वाटला जातो.”

“माणसं म्हणजे? तुझा पायसुद्धा?”

तो हसला, पण दुपारी हिशेबनिसाकडे गेलाच. हिशेबनिसाने कागदावर बोट ठेवलं. “हा बघ. दवाखाना, नकली पाय, भरपाई.”

“आणि नवे खांब?”

“ती मालमत्ता. त्यावर कंपनीला दरसाल परतावा मिळतो. तुझा पाय नुसता खर्च, त्यातून काही सुटत नाही.” हिशेबनीस साधा माणूस होता, टोमणा मारायचं त्याच्या मनातही नव्हतं.

आयोगाची जाहीर सुनावणी ठरली. आदल्या दिवशी साहेबाने खारीला बोलावलं, खुर्ची दिली.

“तो खांब कुजलाय, असं तू वादळाआधी दोनदा लिहून दिलं होतंस?”

“हो साहेब.”

“ते कागद सापडत नाहीत. खांब कुजका होता म्हटलं की ती आपली हयगय ठरते. हयगयीचा खर्च आयोग लोकांवर टाकू देत नाही. मग तुझे भरपाईचे उरलेले हप्ते मी कुठून देऊ?”

सुनावणीत त्याला गणवेश घालून पुढच्या रांगेत बसवलं. वकिलाने खूण केल्यावर तो कुबडी टेकून उभा राहिला.  मावशी मागून उठली.

“बाळा, तूच सांग. खांब धड होता का?”

सगळ्या माना वळल्या. 

“धड होता, मावशी. वादळच मोठं होतं.”

मावशी खाली बसली. आकार मंजूर झाला. हप्ते वेळेवर आले, बायकोने देवापुढे हात जोडले.

चार महिन्यांनी वीज तोडायच्या थकबाकीदारांच्या यादीत मावशीचं नाव आलं. यादीवर शिक्का मारायचं काम खिडकीचंच होतं. त्याने मारला. मावशीने विजेवरचं शिलाई मशीन विकलं आणि दारातल्या उजेडात हाताने शिवू लागली. येता-जाता ती त्याच्याकडे बघायचीही नाही, शिव्या तर दूरच.

मग खार मागच्या रस्त्याने कामावर जायला लागला. तो रस्ता लांबचा होता, आणि सगळा चढणीचा.